भीमाशंकरची घंटा आणि टिळकांची गाणी

गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही सातवी-आठवीच्या मुलींना भीमाशंकरला नेलं होतं. घोडेगाव, डिंभे धरण, मग घाटाची वळणं. निम्म्या मुलींना गाडी लागली. सहल खरं तर अभयारण्याची, शेकरू बघायला. शेकरू एकदाच दिसलं, तेही शेपटीकडून. पण पायऱ्या उतरून खाली गेल्यावर मुली एका मोठ्या घंटेपाशी थबकल्या. मंदिरासमोर दोन खांबांच्या मध्ये टांगलेली ती घंटा अनेकांनी पाहिली असेल. तिच्यावर क्रूस आहे.

"मॅडम, देवळात क्रॉस कसा?"

मी जे ऐकलं-वाचलं होतं ते सांगितलं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि निरनिराळ्या देवळांना दिल्या. वाईजवळ मेणवलीला आहे तीही त्यातलीच म्हणतात.

मुली पुढे गेल्या. एक मात्र मागे रेंगाळली. ती म्हणाली, "मॅडम, घंटा तीच ना? फक्त जागा बदलली. मग माझी हम्द मराठीत का चालली नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण ती हम्द मीच कापली होती.

त्याच वर्षीच्या स्नेहसंमेलनातली गोष्ट. या मुलीने स्वतः एक हम्द लिहून आणली होती. साध्या मराठीत, ओवीच्या अंगाने. पाऊस, डोंगर, भाताची खाचरं हे सगळं देणाऱ्या अल्लाहची स्तुती. तालमीच्या वेळी एका वडीलधाऱ्यांनी ऐकली आणि म्हणाले, "हम्द उर्दूतच शोभते. मराठीत भजन वाटतं." आणि आमच्यातल्याच एकीने दुसऱ्या बाजूने काळजी काढली, "पाहुणे ओवी ऐकतील आणि त्यात अल्लाहचं नाव आलं की म्हणतील, हे काय नवीन?" दोन्हीकडून बोलणं नको म्हणून मी कार्यक्रमपत्रिकेतून तिचं नाव खोडलं. तिला सांगितलं, वेळ कमी आहे. वेळ भरपूर होता.

सहलीहून आल्यावर काही दिवस ते मनातून जाईना. मग मी रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे वळले. 'केवढे हे क्रौर्य!' ही त्यांची कविता मी वर्गात कितीदा तरी शिकवली आहे. मरणाऱ्या पक्षिणीचं दुःख समजावताना तिच्या कवीने मराठी चर्चला गायला गाणी दिली, हे मी मुलींना एकदाही सांगितलं नव्हतं.

टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात, करजगावला जन्मले. चित्पावन ब्राह्मण घर. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना विश्वासात घेतलं नाही. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग संसारात परतल्या, पुढे स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहिलं आहे, आणि इतकं हसत हसत लिहिलं आहे की वाचताना डोळे कधी भरले ते कळत नाही.

धर्म बदलला तेव्हा टिळकांपुढे एक व्यवहारातली अडचण उभी राहिली. देवाची स्तुती गायची कोणत्या चालीवर?

इंग्रजी चर्चगीताची रीत वेगळी आहे. तिथे शब्द एकाचे आणि चाल दुसऱ्याची असू शकते. 'अमेझिंग ग्रेस'चे शब्द जॉन न्यूटनचे, जो आधी गुलामांच्या जहाजांवर कप्तान होता आणि मग पाद्री झाला. त्याचे शब्द १७७९ मध्ये छापले गेले. आज जगभर गातात ती चाल त्या शब्दांना अमेरिकेत १८३५ मध्ये जोडली गेली, तोवर न्यूटन वारलाही होता. हे जमतं, कारण गीतांची मापं ठरलेली असतात. आठ, सहा, आठ, सहा अक्षरांचं गीत असेल तर त्या मापाची कुठलीही चाल त्याला बसते.

मिशनरींनी हीच मापं मराठीला लावून पाहिली. अक्षरं मोजून बसवता येतात, पण इंग्रजी शब्दात एका अक्षरावर जोर असतो आणि चाल त्या जोरावर चालते. मराठीत तसा जोर नाही, ऱ्हस्व-दीर्घ आहे. त्यामुळे चालीचा ठोका भलत्याच अक्षरावर पडतो. तोंडाने म्हणता येतं, पण कानाला ते आपलं वाटत नाही. वर्गात मुली उर्दूची नज्म मराठी कवितेच्या चालीवर म्हणू लागल्या की माझ्याही कानाला असंच खटकतं.

मराठी माणसाच्या कानात आधीच ओवी होती, अभंग होता. अभंगाची सहा, सहा, सहा, चार अक्षरं; दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. जात्यावर ओवी, दिंडीत अभंग. टिळकांच्या आधी कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी ख्रिस्ती भक्तीसाठी मराठी गीतं रचली होती. त्याहीआधी, १६१६ साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने अख्खं 'ख्रिस्तपुराण' ओवीत लिहिलं. म्हणजे वाट अगदीच अनोळखी नव्हती. टिळकांनी तिचा हमरस्ता केला.

नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये असताना त्यांनी गाणी लिहिली, भजनं लिहिली, कीर्तनं केली. 'ज्ञानोदय'ची मराठी बाजू सांभाळली. 'अभंगांजली' नावाचा त्यांचा अभंगांचा संग्रह आहे. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं ते म्हणत. पलीकडे गेल्यावर त्यांनी पूल मोडला नाही, हे मला फार मोठं वाटतं. १९१९ च्या मे महिन्यात ते मुंबईत वारले. 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांना न सांगता हा सगळा प्रवास सुरू झाला होता. आजही 'उपासना संगीत' या मराठी चर्चच्या गीतपुस्तकात टिळकांचा वाटा फार मोठा आहे.

आणखी एक गंमत. पुण्यात राहिलेले स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकोल यांनी टिळकांच्या गीतांचं इंग्रजी केलं. त्यातलं एक तर आठ-सहा-आठ-सहाच्या मापात बसून इंग्रजी गीतपुस्तकांत गेलं. एके काळी तिकडची चाल इकडच्या शब्दांवर चढवत होते, आता इकडचं गाणं तिकडे गेलं. त्या गीतात भक्त म्हणतो की मी तुझ्या शाळेत बसायच्याही लायकीचा नाही, आणि तू मला मित्र म्हणालास. वाचून मला इब्राहीम अलैहिस्सलाम आठवले, खलीलुल्लाह, अल्लाहचे मित्र. तुकोबांचा विठ्ठलही सखाच आहे.

टिळकांची ख्रिस्ताविषयीची श्रद्धा माझी नाही. ईसा अलैहिस्सलाम माझ्यासाठी पैगंबर आहेत, त्यापुढे मी जात नाही. हा फरक लहान नाही आणि तो झाकायचंही कारण नाही. पण त्या माणसाने एक गोष्ट करून दाखवली. अकीदा बदलला तरी आईची भाषा परत करावी लागत नाही. मग ज्यांचा अकीदा पिढ्यान्‌पिढ्या हाच आहे आणि भाषाही हीच, त्या आम्ही कशाला संकोचतो? श्रीगोंद्याचे शेख महंमद तर 'योगसंग्राम' ओवीत लिहून कधीचे मोकळे झाले.

बी.एड.ला असताना माझ्या सरावपाठानंतर एक निरीक्षक कौतुकाने म्हणाले होते, "तुम्ही मुसलमान वाटतच नाही, मराठी किती छान!" तेव्हा मी हसून आभार मानले. खूप उशिरा कळलं की ते कौतुक माझ्यापासून काहीतरी काढून घेत होतं. आणि संमेलनाच्या आदल्या दिवशी मी त्या मुलीकडून तेच काढून घेतलं, फक्त उलट्या बाजूने.

माझी नानी जुन्नरजवळच्या खेड्यात राहायची. नमाज अरबीत, दुआ उर्दूत, आणि जात्यावर बसली की मराठी ओवी. तिच्या ओवीत अल्लाह यायचा, बीबी फातिमा यायची, कुकडीचं पाणीही यायचं. तिला कुणी विचारलं नाही की हे भजन आहे की हम्द. जातं गेलं तशी ती ओवीही घरातून गेली. मी मराठीची शिक्षिका, पण तिच्या चार ओळीही लिहून ठेवल्या नाहीत.

मागच्या आठवड्यात मी त्या मुलीला बोलावलं. वेळ कमी नव्हता, मी घाबरले होते, असं तिला सांगितलं. शिक्षकाला हे वाक्य जड जातं. ती काहीच बोलली नाही. मग दप्तरातून वही काढली. हम्द होती तशीच होती, खाली दोन नव्या ओव्या आल्या होत्या. एका चरणात एक अक्षर जास्त होतं. आम्ही दोघींनी बोटांवर मोजून ते बसवलं.

यंदा कार्यक्रमपत्रिका मी लिहिणार आहे. तिचं नाव पहिलं असेल.