डोळे मिटून शिकार करणारा प्लॅटिपस

प्लॅटिपसचा फोटो पाहिला की हसूच येतं. चोच बदकाची, शेपटी बीव्हरसारखी चपटी, अंगावर दाट तपकिरी केस. त्यात मादी अंडी घालते आणि पिल्लांना दूधही पाजते! १७९९ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज शॉ यांनी त्याचं वर्णन लिहिलं, तेव्हा कुणी चोच जोडून फसवत तर नाही ना, अशी शंका त्यांनाही आली होती.

मला मात्र त्याचं दिसणं नाही, त्याचं न पाहणं आवडतं. पूर्व ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियातल्या नद्या-ओढ्यांत बुडी मारताना तो डोळे, कान, नाकपुड्या घट्ट मिटून घेतो. मग भक्ष्य सापडतं कसं? आपण जिला हसलो, त्या चोचीमुळे! ती कडक नसते, मऊ कातड्यासारखी असते. तिच्यावर सुमारे ४०,००० विद्युत-संवेदक असतात. तळातला झिंगा नुसता हलला तरी त्याच्या स्नायूंतून अगदी क्षीण वीज निघते, ती चोचीला कळते. पाण्याची हालचाल टिपणारे संवेदक आणखी वेगळे. म्हणून तो डोकं सारखं डावी-उजवीकडे झुलवत पोहतो.

माझ्या आजीची नजर काचबिंदूने गेली. दारात चप्पल काढल्याच्या आवाजावरून ती कोण आलं ते सांगते. पाहुण्यांनी "अरेरे" म्हटलेलं तिला मुळीच खपत नाही. तिला प्लॅटिपसबद्दल सांगितलं, तर तिचा प्रश्न भलताच, "मग खातो कुठे? पाण्यातच?"

नाही. पकडलेलं गालाच्या पिशव्यांत भरतो, वर येतो आणि तरंगत निवांत चावतो. तेही दातांशिवाय, कारण मोठेपणी त्याला दात नसतात.

"म्हणजे माझ्यासारखाच की!" आजी बोळकं पसरून हसली.