थेंबाथेंबाने

शुक्रवारी घरात मांस शिजवायचे नाही, हा नियम मी वसईहून कात्रपला येताना भांड्याकुंड्यांबरोबरच आणला. ते साल होते 1984. आमचे हे अंबरनाथच्या कारखान्यात नोकरीला होते आणि रोजचा वसईचा प्रवास त्यांच्या प्रकृतीला झेपेनासा झाला होता. तेव्हाच्या कात्रपमध्ये घरांपेक्षा भातखाचरे अधिक होती. आज खिडकीतून इमारतींपलीकडे काही दिसत नाही. उपवासकाळातले शुक्रवार तर सगळेच पाळतात. पण आमच्या माहेरी वर्षाचे सगळेच शुक्रवार पाळले जात, आणि मीही ते तसेच पाळत आले. शुक्रवारी मासळी, नाहीतर भाजी.

2023 च्या जुलैत माझी पंधरा वर्षांची नात लुइझियानाहून सुटीला आली. बरोबर तिचे आईवडील होते. माझा मुलगा 2001 साली अमेरिकेत गेला, सूनबाई गोव्याच्या, घरातले सगळे बोलणे इंग्रजीत. नात मला ‘आजी’ म्हणते. ह्या एका शब्दाखेरीज तिच्याजवळ मराठी नव्हते. माझे इंग्रजी शाळामास्तरणीचे, व्याकरणशुद्ध आणि अडखळते. त्यामुळे आम्हा दोघींचे प्रेम बहुतांशी ताटातच वाढले जात होते.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी तिने विचारले, “आज मासे ना? आमच्याकडेही शुक्रवारी मासेच असतात.” तिच्या धर्मग्रामात उपवासकाळातल्या शुक्रवारी तळलेल्या मासळीचे जेवण होते, आणि वसंतात गोड्या पाण्यातली चिंगाटे मोठमोठ्या हंड्यांत उकडून कागद पसरलेल्या मेजांवर ओततात, असे तिने हातवारे करून सांगितले. त्या मासळीबरोबर एक दाट, लालसर, झणझणीत सॉस असतो. तो तिला करायचा होता.

वाचकहो, पावसाळ्यात ताजी समुद्री मासळी मिळणे कठीण. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तरी आमच्या कोळीणबाईंकडे बर्फातली तळ्यातली कोळंबी होती. मुलाने ती हातात घेऊन पाहिली आणि हसला. गेल्या दशकात अमेरिकेला सर्वाधिक कोळंबी पुरवणारा देश भारत ठरला आणि त्या स्वस्त कोळंबीमुळे लुइझियानाचे कोळंबी पकडणारे कोळी हवालदिल झाले. “तिथे ह्या कोळंबीवर आमचे शेजारी चिडतात,” तो म्हणाला, “आणि इथे तुझी नात तीच त्यांच्या सॉसमध्ये बुडवणार.”

सॉसचे नाव केजन. खरे पाहता त्याचे मूळ फ्रान्समधल्या ‘रेमुलाद’ ह्या पांढऱ्या सॉसमध्ये आहे. न्यू ऑर्लिन्स शहरात त्याला लाल रंग आणि तिखटपणा आला. खेड्यातल्या केजन शेतकऱ्यांचे जेवण साधे, एका हंड्यातले. त्यांच्या मसाल्यांची कीर्ती जगभर झाली ती 1980 च्या दशकात, पॉल प्रुडोम ह्या केजन बल्लवामुळे. त्यानंतर असल्या प्रत्येक तिखट सॉसला ते नाव चिकटले. ह्या लोकांच्या बहुतेक रश्शांचा आरंभ कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची ह्या तिघांपासून होतो, आणि त्या तिघांना ते ‘पवित्र त्रैक्य’ म्हणतात. हे ऐकून मी क्रूसाची खूण केली आणि नात खळखळून हसली.

सॉसचा पाया म्हणजे अंड्याच्या बलकात घोटलेले तेल. पावसाळ्याच्या दिवसांत कच्चे अंडे मुलीच्या पोटात जाऊ देण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून दोन बलक, दोन चमचे लिंबाचा रस आणि दोन चमचे पाणी एकत्र करून मी भांडे मंद आचेवर धरले आणि सतत ढवळत राहिले. मिश्रण दाटले आणि कडेला एखाद-दुसरा बुडबुडा दिसला, की लगेच उतरवायचे. सत्तर-बाहत्तर अंशांपर्यंत तापले, की बलकातले रोगजंतू मरतात. त्यापुढे गेले, की बलकाचा चुरा होतो. ते थंड होईपर्यंत मसाला काढला: भिजवून वाटलेली मोहरी एक चमचा, लसणाच्या तीन पाकळ्या, रंगाला काश्मिरी मिरचीची पूड, तिखटपणाला अर्धा चमचा आमचा बाटलीतला मसाला, मिरपूड आणि मीठ.

तिच्या कागदावर आणखी दोन जिन्नस होते. एक थाइमची वाळलेली पाने. दुसरे हॉर्सरॅडिश नावाचे झोंबरे मूळ. कात्रपच्या वाण्याकडे दोन्ही नव्हती. पण थाइममध्ये जे थायमॉल असते तेच आपल्या ओव्यातही असते. आणि त्या मुळाची नाकात चढणारी झोंब मोहरीच्या झोंबेची सख्खी बहीण. मी चिमूटभर ओवा चुरडला आणि मोहरी थोडी वाढवली. नातीने वास घेतला, डोळे मिटले आणि मान डोलावली.

आता तेल घालायचे, एवढ्यात वीज गेली. बाहेर पावसाची झड लागली होती. मिक्सर निरुपयोगी झाला. मी फळीवरून सासूबाईंची लाकडी रवी काढली. नातीने ती दोन्ही तळव्यांत धरली आणि मी वाटीभर शुद्ध केलेले सूर्यफुलाचे तेल ओतू लागले. पहिले काही चमचे नीट मिसळले. मग मला घाई झाली. कोळंबी मीठ-हळद लावून ठेवलेली, स्वयंपाकघरात अंधारलेले. मी धार धरली. क्षणात भांड्यातला दाट पिवळा गोळा फुटला. खाली चोथा आणि वर तेलाचा तवंग.

नात गप्प झाली. मीही.

फुटलेला सॉस टाकायचा नसतो, हे मला ठाऊक होते. तेल आणि पाणी मुळात एकत्र राहत नाहीत. बलकात लेसिथिन नावाचे द्रव्य असते. त्याचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे तेलाला. तेल थेंबाथेंबाने आले आणि घुसळणे थांबले नाही, तर प्रत्येक सूक्ष्म थेंबाभोवती त्या द्रव्याचे आवरण बसते आणि थेंब एकमेकांना मिळत नाहीत. तेल एकदम आले, की आवरण पुरे पडत नाही. मग उपाय एकच. तिसऱ्या अंड्याचा बलक चमचाभर लिंबाचा रस आणि चमचाभर पाणी घालून तसाच शेकून, निववून घेतला आणि स्वच्छ भांड्यात ठेवला. फुटलेले मिश्रण त्यात चमच्याच्या टोकाने, एकेक थेंब सोडायचे ठरले. “थेंब,” मी म्हटले. “थेंब,” ती म्हणाली. ते काम अर्धा तास चालले. आणि हात गुंतलेले असले, की माणसे बोलतात.

केजन म्हणजे कोण, हे तिने मला त्या अर्ध्या तासात सांगितले. आठवीत तिला लुइझियानाचा इतिहास होता. सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधले शेतकरी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊन राहिले. त्या मुलखाला अकेडिया म्हणत. ते कॅथलिक होते. भरतीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून, त्यात लाकडी झडपा बसवून त्यांनी दलदलीतून शेते काढली. मी तिला म्हटले, आपल्या वसईलाही खाडीच्या पाण्यावर बांध घालूनच शेती राखली गेली. 1713 च्या तहाने तो मुलूख इंग्रजांकडे गेला. इंग्लंडच्या राजाशी बिनशर्त एकनिष्ठेची शपथ घेण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून 1755 पासून त्यांना गलबतांत कोंबून देशोधडीला लावण्यात आले. 1763 पर्यंत दहा हजारांहून अधिक माणसे घरांना मुकली. कित्येक कुटुंबांची ताटातूट झाली, हजारो माणसे रोगराईने आणि जहाजे बुडून गेली. भटकत भटकत त्यांतले काही लुइझियानाला पोहोचले; 1785 साली एकट्या फ्रान्समधून सात जहाजांनी सुमारे सोळाशे माणसे आली. ‘अकेडियन’ ह्या शब्दाचा उच्चार घासत घासत ‘केजन’ झाला.

“पण त्यांची भाषा गेली,” ती पुढे म्हणाली. 1921 च्या राज्यघटनेने लुइझियानाच्या शाळांत शिक्षण केवळ इंग्रजीत द्यावे असे ठरवले. मुलांच्या तोंडून फ्रेंच शब्द निघाला, की शिक्षा होई. ‘मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही’ ही ओळ पुनःपुन्हा लिहावी लागे. ती मुले मोठी झाली आणि आपल्या लेकरांना तरी ती शिक्षा नको, म्हणून त्यांनी घरातही फ्रेंच बोलणे सोडले. 1968 मध्ये राज्याने फ्रेंचच्या जतनासाठी एक परिषद स्थापन केली, शाळांत पुन्हा फ्रेंच आणले. तोवर एक अख्खी पिढी गप्प झाली होती. नातीच्या वर्गातल्या एका केजन मुलीला तिच्या पणजीशी बोलता येत नसे. “आजी, गलबतांनी जे झाले नाही, ते वहीतल्या ओळींनी झाले,” नात म्हणाली.

माझ्या हातातला चमचा थांबला.

आम्ही वसईच्या सामवेदी ख्रिस्ती समाजाचे. आमची बोली सामवेदी. तिला कादोडी असेही म्हणतात. कात्रपला आलो तेव्हा माझा मुलगा आठ वर्षांचा होता. नव्या शाळेत त्याने एक वाक्य बोलीत म्हटले आणि मुले हसली. तो रडत घरी आला. मी स्वतः मराठीची शिक्षिका. मी त्याला जवळ घेतले, डोळे पुसले आणि त्याच संध्याकाळी ठरवले, की आजपासून ह्या घरात शुद्ध मराठी. बोलीतला शब्द तोंडून निघाला, की तो प्रमाण रूपात वहीत दहा वेळा लिहायचा. ती वही मीच आणली आणि मीच तपासली. दोन महिन्यांत वही लागेनाशी झाली. पुढे नाताळात सासूबाई आल्या आणि नातवाशी बोलू लागल्या. तो पुस्तकी मराठीत, अदबीने, “हो आजी, नको आजी” असे उत्तर देत राहिला. त्या फार शिकलेल्या नव्हत्या. थोड्या वेळाने त्या उठून रवी घेऊन ताक करायला बसल्या. मला तेव्हा वाटले, त्या रागावल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांच्याजवळ बोलायला काही उरले नव्हते.

आम्हांला कोणी गलबतात घातले नव्हते. आम्ही लोकलचे तिकीट काढून आपखुशीने आलो होतो. हे सगळे मी नातीला माझ्या अडखळत्या इंग्रजीत सांगितले. कोणालाही सांगण्याची ती पहिलीच वेळ होती.

तिने मला क्षमा वगैरे केली नाही. तेवढे तिचे वय नाही. तिने विचारले, “मग ‘थेंब’ला तुमच्या भाषेत काय म्हणतात? आणि रवीला? आणि पावसाला?” मी सांगू लागले. पहिले शब्द घशात अडकले. कारण हे गेल्यापासून ती बोली मी वसईच्या फोनाखेरीज कुठेच बोलले नव्हते. मग एक शब्द दुसऱ्याला घेऊन आला आणि माझ्याही नकळत मी सबंध वाक्ये बोलू लागले. भांड्यात सॉस पुन्हा धरला होता. रवी जड फिरत होती. मान वर केली, तेव्हा मुलगा दारात मेणबत्ती घेऊन उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याने भांड्यात बोट बुडवले, चाखले आणि मीठ कमी आहे, एवढेच म्हणाला. पण ते त्याने आमच्या बोलीत म्हटले. उच्चार आठ वर्षांच्या मुलाचा होता. जिथे त्याने ती सोडली होती, तिथेच ती त्याच्या तोंडात थांबलेली.

कोळंबी तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवून तळली. सॉसमध्ये मसाला आणि बारीक चिरलेली कांद्याची पात घातली. वीज नसल्याने तो ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. मेणबत्तीच्या उजेडात चौघांनी भांडे पुसून घेतले. रात्री सहज दिनदर्शिका पाहिली: 28 जुलै. नात म्हणाली, 1755 साली ह्याच तारखेला अकेडियन लोकांना हाकलण्याचा निर्णय झाला, आणि 2003 मध्ये इंग्लंडच्या राणीच्या घोषणापत्राने हा दिवस कॅनडात त्यांच्या स्मरणासाठी नेमला गेला. झोपण्यापूर्वीच्या रोजरीत आम्ही एक रहस्य त्या अनोळखी माणसांसाठी म्हटले, आणि मी मनातल्या मनात सासूबाईंसाठी.

आता दर शनिवारी सकाळी साडेसातला माझा फोन वाजतो. तिकडे तेव्हा शुक्रवारची रात्र असते. नात रोमन अक्षरांत शब्द टिपून घेते. तिने त्यासाठी एक वही केली आहे. मी तिला एक शब्द एकदाच लिहायला सांगते, आणि मग तो बोलायला लावते. तिचे उच्चार चुकतात तेव्हा तिचा बाप मागून तिला सुधारतो. मी मध्ये पडत नाही.