झोळीची दोरी

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आमच्याकडे कुणी कुणाला विचारून पाळत नाही. सातव्या महिन्यात ओटी भरली, हिरवी साडी नेसून बायको माहेरी गेली आणि जुळे सोलापुरातल्या घरात मी एकटा उरलो. माहेर काही परगावी नव्हतं. याच गावात, पूर्वभागात, अशोक चौकाच्या पलीकडे. तरी ते माहेर होतं आणि मी तिथला जावई. जावयाला खुर्ची मिळते, चहा मिळतो, पंख्याखालची जागा मिळते. काम तेवढं मिळत नाही.

सोलापूरबाहेरच्या वाचकाला पूर्वभाग म्हणजे काय ते सांगायला हवं. तेलंगणातून विणकामासाठी आलेली पद्मशाली घरं इथं पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत. आधी हातमाग, मग यंत्रमाग. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर आणि टॉवेल याच गल्ल्यांतून निघतात. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी एखादं कन्नड नाहीतर उर्दू घर. आमचं लग्न तेलुगू आणि मराठी, या दोन सोलापुरांमधलं. त्याची कथा वेगळी आहे, ती इथं नको.

मुलगी मे महिन्यात झाली. सोलापूरचा मे म्हणजे पारा 43-44 वर, आणि रात्री बारालाही भिंतीला हात लावावा तर भिंत गरम. दवाखान्यात नर्सबाईंनी टॉवेलात गुंडाळलेलं गाठोडं माझ्या हातात दिलं. पहिल्यांदा दिसले ते बाळाचे कान, चुरगळलेले, कडांना बारीक लव असलेले. डोळे घट्ट मिटलेले. कपाळावर एक आठी, जणू काहीतरी हिशेब जुळत नव्हता. मी खाली बघत बसलो आणि बायको पलंगावरून माझ्याकडे बघत होती. "मान धर," एवढंच ती म्हणाली.

पेढे घ्यायला गेलो तर दुकानदारानं आपसूक विचारलं, "मुलगा ना?" मुलगी म्हटल्यावर हात बर्फीच्या ट्रेकडे वळला. मुलाचे पेढे, मुलीची बर्फी, असा हिशेब आपण कधीचा मांडून ठेवलाय. मी पेढेच घेतले. ऑफिसात मित्रानं डबा उघडून विचारलंच, "पोरगी झाली नं बे, मग पेढे कसे?" त्याला दोन जास्त दिले.

साहेबांना पेढा देताना रजेचं बोललो. मी एका खासगी कारखान्याच्या हिशेबखात्यात आहे. साहेब मनापासून हसले. "तुम्हाला काय दूध पाजायचंय का?" दोन दिवस किरकोळ रजेतून मिळाले, तेही शनिवार धरून.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की गाडी पूर्वभागाकडे. सासूबाईंच्या घरात माझं बाळ झोळीत होतं. सागवानी पाळणा आणायचं माझ्या आईच्या मनात होतं. पण सासूबाईंनी आपली धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी काढली, छताच्या लोखंडी तुळईला दोर टाकला, साडीची दोन टोकं त्यात गाठ मारून बांधली आणि आत झोळी उघडी धरणारी एक काठी आडवी घातली, म्हणजे झोळी मिटून बाळाच्या अंगावर येत नाही. खालून सुतळी बांधली. अशा सुतळीचं दुसरं टोक पूर्वी सासूबाईंच्या पायाच्या अंगठ्याला असायचं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, दोन्ही हात विड्या वळण्यात आणि अंगठा झोळी हलवण्यात. मजुरी हजार विड्यांवर. हजार भरल्याशिवाय उठायचं नाही, आणि पोर रडलं तरी हात सोडायचे नाहीत. माझी बायको अशी वाढली. विड्यांचं काम या घरातून आता सुटलंय, पण सासूबाई भाजी निवडायला बसल्या तरी सुतळी आपोआप अंगठ्यात अडकवतात.

बाळाची झोप मागांनी लावलेली होती. शेजारच्या शेडमध्ये दिवसरात्र खटखट चालायची. मला बोललेलं ऐकू यायचं नाही आणि पोरगी गाढ. वीज गेली, माग थांबले, की पहिल्या शांत मिनिटाला ती दचकून रडायची.

न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून यायच्या, विडी कामगार बायांसाठी दहा हजार घरं उभी राहिली तिथून. पाटावर पाय लांब करून बसायच्या, नडग्यांवर बाळ पालथं, तळहातावर कोमट तेल. पाठीवरून, खांद्यांवरून, मग एक हात आणि विरुद्ध पाय छातीवर आणून सोडायच्या. बाळ बेंबीच्या देठापासून ओरडायचं. मी दाराशी उभा राहून कासावीस. "जावई, तुम्ही बाहेर थांबा," सासूबाई म्हणायच्या. न्हाणं झालं की तेच बाळ तीन तास हलायचं नाही.

धुरीवरून मात्र जुंपली. शेगडीत निखारे, वर ओवा आणि शेपा, त्या धुरावर बाळाला धरायचं ही दोन्ही आज्यांची एकमतानं ठरलेली गोष्ट. एक तेलुगूतून बोलायची, दुसरी मराठीतून, पण डॉक्टरांविरुद्ध दोघींची आघाडी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: तान्ह्या फुप्फुसांना धूर नको, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, मध नको, गुटी नको, पाण्याचा थेंबही नको. पाण्याचं कुणालाच पटेना. सोलापूरच्या मे महिन्यात तान्ह्या जिवाला पाणी द्यायचं नाही म्हणजे काय! दुधात लागेल तेवढं पाणी असतंच, हे बायकोनं सांगितलं, मी सांगितलं, शेवटी लस टोचायला गेलो तेव्हा तिथल्या सिस्टरनी सांगितलं, तेव्हा कुठं मानलं. माझ्या आईनं घासूनपुसून ठेवलेली सहाण, जायफळ आणि मुरडशेंगेचा डबा कपाटात परत गेला. धुरी ओवाळल्यासारखी लांबून झाली. मला वाटतं आज्यांचा हट्ट औषधापेक्षा हाताचा होता. त्यांना काहीतरी करायला हवं होतं. डॉक्टर "हे करू नका" एवढंच सांगतात. चाळीस वर्षं पोरं वाढवलेल्या बाईला रिकाम्या हाताने बसणं जमत नाही.

आणि काम तर ढीगभर होतं, कारण पाणी. उजनी धरण शंभरेक किलोमीटरवर, भीमेचं पाणी नळानं गावात येतं, आणि सोलापूरकराला ते रोज मिळत नाही. चार-पाच दिवसांनी पाळी येते. इथं माणूस वार विचारतो तो पाण्याचा. लग्नाची तारीख ठरवताना, पाहुण्यांना बोलावताना, बारसं ठरवताना सुद्धा. आमच्या मुलीचं बारसं बाराव्या दिवशी व्हायचं ते तेराव्याला झालं, ते मुहूर्तामुळे नव्हे. बाराव्याला पिंपात तळ दिसत होता. माझ्या बहिणीनं कानात कुर्र केलं, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, आणि दुपारी नळाला पाणी आल्याची हाक आली तेव्हा निम्म्या पाहुण्या बायका पदर खोचून मागच्या अंगणात.

तान्हं मूल दिवसाला किती लंगोट भिजवतं याचा अंदाज बाप व्हायच्या आधी कुणाला नसतो. माझं पहिलं खरं काम तिथं सापडलं. चावीवाला पहाटे दोनला पाणी सोडतो की चारला, याचा भरवसा नाही. पाण्याच्या रात्री मी सासरीच झोपायचो, गच्चीवर. नळ फुसफुसला की उठायचं, मोटार लावायची, हौद, पिंपं, कळशा, बादल्या भरायच्या, मग दुपटी आणि लंगोट बडवायचे. पहिल्या रात्री सासूबाई लाजून मरायच्या बाकी होत्या. जावई लंगोट धुतोय, गल्लीत काय म्हणतील! दुसऱ्या पाळीला त्यांनी साबणाची वडी माझ्यासमोर ठेवली आणि आत जाऊन झोपल्या. त्या घरातला पाहुणा मी त्या पहाटे संपलो.

पावसाळ्याच्या तोंडी भैय्या चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकात गेलो. लहानपणी शाळेनं नेलेलं ठिकाण. आमच्या गावचा हा मुलगा 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेला, जपानी आक्रमणातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिला, परत आला नाही. व्ही. शांतारामांनी 1946 मध्ये त्याच्यावर चित्रपट काढला. एवढं प्रत्येक सोलापूरकराला पाठ असतं. या वेळी, बाप झाल्यावर, माझी नजर तारखांवर अडकली. चीनमधल्या बेथून रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेत शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी 1941 च्या अखेरीस लग्न. 23 ऑगस्ट 1942 ला मुलगा. 9 डिसेंबर 1942 ला, बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. बाप म्हणून त्यांना साडेतीन महिने मिळाले, तेही युद्धातल्या खेड्यांत.

साडेतीन महिन्यांचं मूल काय करतं ते मला पुढे थोड्याच महिन्यांत कळणार होतं. मान धरू लागतं. आवाजाच्या दिशेला वळतं. ओळखून हसतं. त्या मुलाच्या नावात दोन्ही देश गुंफलेले होते, इनह्वा. पुढे त्याला आईनं वाढवलं. ती भारतात येऊन सासरच्यांना भेटत राहिली. मुलगा वैद्यकी शिकत होता आणि 1967 मध्ये तोही गेला. आई 2012 पर्यंत जगली. आपण पुतळा कोटणीसांचा उभारतो, ते योग्यच आहे. पण त्यांच्यामागं सत्तर वर्षं जगलेल्या, त्यांचं मूल वाढवलेल्या बाईचं नाव सोलापुरात किती जणांना सांगता येईल?

बायको-मुलगी आमच्या घरी आल्या तेव्हा श्रावण होता. सासूबाईंनी झोळीची साडी आणि दोर पिशवीत घालून दिले. आमच्या छताला तुळई नाही. पंख्याच्या हुकाला बांधण्यावर वाद झाला, शेवटी मिस्त्रीला बोलावून स्वतंत्र हुक ठोकून घेतला. पहिल्या रात्री मुलगी झोपेचना. इथं माग नाहीत. मी मोबाइलवर सासरच्या गल्लीतली खटखट रेकॉर्ड करून आणली, ती उशाशी लावली. शेजाऱ्यांनी सकाळी विचारलं, पिठाची गिरणी टाकली काय?

रात्रीच्या पाळ्या आम्ही वाटून घेतल्या. दूध तिचं, ढेकर माझा. खांद्यावर टॉवेल, त्यावर ती चिमुकली हनुवटी, आणि पाठीवर थोपटत खोलीत येरझारा. कधी दोनच मिनिटांत ढेकर येतो, कधी अर्धा तास लागतो आणि शेवटी दूधच अंगावर येतं. या येरझाऱ्यांत बायकोशी जितकं बोलणं झालं तितकं लग्नाआधीच्या दोन वर्षांत सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसून झालं नव्हतं. बहुतेक वेळा चिडून, अर्ध्या झोपेत, पैशांबद्दल. तरी ते बोलणं होतं.

बायकोची रजा कायद्याने 26 आठवड्यांची, 2017 च्या दुरुस्तीपासून. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला 15 दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एकही दिवस नाही, आणि सुपावर हजार विड्या वळणारीच्या नवऱ्याचं तर कुणी नावही काढत नाही. माहेरच्या रीतीला मी नावं ठेवणार नाही. बाळंतिणीला आईचा हात लागतोच. पण ही रीत बापाला तीन-चार महिने दाराबाहेर उभं करते आणि मग आपणच म्हणतो, पुरुषाला मुलांचं काही कळत नाही. ज्यांच्या घरी आता डोहाळजेवणाची तयारी चाललीय त्यांनी रजेचा अर्ज आत्ताच टाकून ठेवावा. साहेब हसले तर हसू द्यावं. आणि सासरी जाताना पाण्याचा वार विचारून, त्या रात्री मुक्कामाला जावं.