सैल कासरा

आमच्या घरातल्या रेडिओला बोलायला वेळ लागायचा. बटण फिरवलं की आधी मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून केशरी उजेड दिसायचा, मग तापलेल्या धुळीचा वास यायचा, आणि त्यानंतर विविध भारतीचा निवेदक हळूहळू जवळ येत गेल्यासारखा ऐकू यायचा. बाबा ठाण्याच्या मर्फीच्या कारखान्यात जोडणीच्या कामावर होते. रेडिओचं मागचं झाकण आमच्याकडे बहुधा उघडंच असे. आत हात घालायचा नाही, एवढी एकच सक्त ताकीद होती, कारण बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये माणसाला झटका बसण्याइतका दाब उरलेला असतो.

व्हॉल्व्ह कसा चालतो हे बाबांनी मला वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं. हवा काढून घेतलेली काचेची नळी. आत तापणारी तार, तिच्याभोवती कॅथोड. तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या प्लेटकडे धावतात. मधे एक जाळी. त्या जाळीवरचा दाब किंचित कमीजास्त केला की प्लेटकडे निघालेला सगळा लोंढा त्याच तालात कमीजास्त होतो. ली डी फॉरेस्टने १९०६ साली ही जाळी मधे घातली आणि त्यानंतर बारीक आवाज मोठा करणं माणसाच्या हातात आलं. "लहान हलतं, त्याच्यासारखंच मोठं हलतं," बाबा म्हणायचे. अॅम्प्लिफायर म्हणजे काय, याचं याहून नेमकं उत्तर मला पुढे कुठल्या पुस्तकात मिळालं नाही.

बाबांना व्हॉल्व्हचं प्रेम होतं असं मात्र नाही. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला. तो सेलवर चालणाऱ्या डब्यात बसून आमच्या घरी आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद बाबांनाच झाला होता. तापायचा वेळ नाही, मोठा ट्रान्सफॉर्मर नाही, फुटणारी काच नाही, वीज गेली तरी बातम्या चालू. व्हॉल्व्हवर हयात घालवलेल्या माणसाने ट्रान्झिस्टरला असं मोकळ्या मनाने घरात घेतलेलं मी पाहिलं होतं, आणि पुढे गिटारच्या बाबतीत तेच माझ्या कामी आलं.

कॉलेजात असताना मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवू लागलो. गणपतीचे दहा दिवस, मग नवरात्र, मधल्या काळात गडकरी रंगायतन किंवा दादरचं शिवाजी मंदिर. गिटारला वेगळा अॅम्प असावा ही चैन आम्हाला ठाऊक नव्हती. मांडववाल्याच्या अहुजाच्या अॅम्प्लिफायरमध्ये गायकाच्या माइकशेजारी गिटारची पिन जायची. 'दम मारो दम'मध्ये भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली ती गिटार आम्हाला दर कार्यक्रमात काढून दाखवावी लागे. सूर अचूक लागायचे, पण रेकॉर्डवरच्या सुराला जे अंग होतं ते आमच्या सुराला नसायचं. बोटं तीच, तारा त्याच, मग कमी काय पडतं, हे कळत नव्हतं.

ते कळलं वांद्र्याला. एका मित्राचे मामा बोटीवर होते. त्यांनी फेंडरचा ट्विन रिव्हर्ब आणला होता. अमेरिकेच्या १२० व्होल्टवर चालणारा, म्हणून शेजारी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घुमत असायचा. वजन जवळजवळ २९ किलो. मागे चार मोठे व्हॉल्व्ह, आमच्या रेडिओतल्यांपेक्षा चांगले जाडजूड. मी जाड तार नुसती सोडली आणि आवाज पोटात जाणवला. तार धरली की स्पीकरही धरल्यासारखा, सोडली की तोही जरा उशिराने सुटल्यासारखा. त्या दिवसापासून पुढची कित्येक वर्षं मी हाच आवाज शोधत राहिलो आणि त्याचं सगळं श्रेय काचेच्या नळीला देत राहिलो. गिटारवाले जिला ट्यूब म्हणतात ती ही व्हॉल्व्हच.

गिटारचा इतिहासही तेच सांगत होता. लंडनच्या हॅनवेल भागात ड्रम शिकवणाऱ्या आणि वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलने १९६२ साली फेंडरच्या बासमनची रचना समोर ठेवून आपला जेटीएम ४५ बांधून घेतला, आणि रॉक संगीताला त्याचा आवाज मिळाला. ट्रान्झिस्टरवाल्यांनीही उत्तम काम केलं. रोलंडचा १९७५चा जाझ कोरस आजही स्वच्छ आवाजासाठी मागवतात. पण ऊब हवी तर ट्यूब, हे आमच्या जमातीत शास्त्रवचनासारखं झालं होतं.

मग मॉडेलर आले. १९९८ साली लाइन सिक्सचा लाल, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा पॉड; २००६ला फ्रॅक्टलचा अॅक्स-एफएक्स; २०११ला जर्मनीतल्या ख्रिस्तोफ केम्परचा प्रोफायलर; २०१५ला हीलिक्स. अख्ख्या अॅम्पचं वागणं गणिताने बांधून एका पेटीत. ट्विन रिव्हर्ब लोकलच्या लगेजच्या डब्यात चढवताना पाठ धरलेल्या माणसाला याचं मोल सांगावं लागत नाही. घरी हेडफोन लावून वाजवताना मॉडेलर मला पूर्ण पटला. प्रश्न उभा राहिला तो गिटारच्या खऱ्या कॅबिनेटमधून, म्हणजे स्पीकरच्या पेटीतून, वाजवायचं ठरवल्यावर. बहुतेक मॉडेलरना स्वतःची ताकद नसते. स्पीकर हलवायला पाठीमागे पॉवर अॅम्प लागतो. तो ट्यूबचा घ्यायचा की सॉलिड-स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरचा?

माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी ट्यूबचा घे म्हणून सांगितलं. मॉडेलर थंड असतो, मागे ट्यूब लाव म्हणजे जीव येईल, असं त्यांचं म्हणणं. हा सल्ला कुठून आला ते मला माहीत आहे. १९८०च्या दशकात गिटारवाले रॅक घेऊन फिरायचे. एका खणात प्रीअॅम्प, उदाहरणार्थ १९८७चा एडीए एमपी-१, आणि दुसऱ्या खणात ट्यूबचा पॉवर अॅम्प. त्या प्रीअॅम्पमध्ये अॅम्पचा पूर्वार्धच होता, उत्तरार्ध दुसऱ्या खणातूनच यायचा. तेव्हा हा सल्ला शंभर टक्के बरोबर होता. मॉडेलरमध्ये मात्र उत्तरार्धही आधीच असतो.

हा उत्तरार्ध करतो काय, ते नीट पाहायला हवं. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असलं तरी तो सगळ्या सुरांना ८ ओहम नसतो. प्रत्येक स्पीकरचा स्वतःचा एक खालचा सूर असतो, जिथे त्याचा कागद आपणहून डोलू लागतो. सेलेशनच्या व्हिंटेज थर्टीचा हा सूर ७५ हर्ट्झला आहे, आणि गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला बोलते, म्हणजे अगदी शेजारी. त्या सुराला स्पीकरचा विरोध कित्येक पटींनी वाढतो, आणि वरच्या टोकाला, कर्कश सुरांकडे, पुन्हा चढत जातो. ट्रान्झिस्टरचा पॉवर अॅम्प या चढउतारांना दाद देत नाही, स्पीकरला आवळून धरतो. ट्यूबच्या अॅम्पची पकड ढिली असते. विरोध वाढेल तिथे त्याचा दाबही वाढतो, म्हणून खालचा सूर फुगतो आणि वरचा चमकतो. कासरा सैल सोडला की बैल आपल्या चालीने चालतो, तसं. व्हॉक्सच्या एसी ३०मध्ये तर पकड घट्ट करणारा निगेटिव्ह फीडबॅकच नाही, म्हणून त्याची चाल सगळ्यांत मोकळी.

वांद्र्याला पोटात जाणवलं होतं ते हे होतं. काचेचा गुण त्यात होता, पण त्याहून जास्त होतं ते स्पीकरशी असलेलं त्या अॅम्पचं नातं. ट्यूब सम हार्मोनिक देते म्हणून गोड, असं जे सांगतात तेही पुशपुल पॉवर अॅम्पला फारसं लागू पडत नाही, कारण तिथे दोन बाजूंच्या व्हॉल्व्हमधून येणारे सम हार्मोनिक एकमेकांना बरेचसे खोडतात.

आता मॉडेलरच्या आतल्या गणितात ही सैल पकड, हा फुगवटा, ही चमक सगळं मांडलेलं असतं. केम्परने तर खऱ्या अॅम्पचा आवाज जसाच्या तसा टिपलेला असतो, पॉवर अॅम्पसकट. त्याच्यामागे पुन्हा ट्यूब लावली की तेच काम दुसऱ्यांदा होतं. एका सभागृहात दुपारी मोकळा वेळ मिळाला तेव्हा मी हे कान लावून ऐकलं. मॉडेलर तोच, कॅबिनेट तेच, पॉवर अॅम्प बदलत गेलो. ट्यूबवर, मॉडेलरमधला पॉवर अॅम्प चालू ठेवून, जाड तार नुसती घुमत राहिली आणि बास गिटारची जागा खाऊन बसली. मॉडेलरमधला पॉवर अॅम्प बंद केल्यावर आवाज सुंदर झाला, पण मग एका ट्विनसारख्या आणि एका मार्शलसारख्या आवाजामधला अर्धा फरक पुसला गेला, कारण दोघांनाही मागे एकच अॅम्प मिळाला. सॉलिड-स्टेटवर, सगळं चालू ठेवून, ट्विन ट्विनसारखा आणि मार्शल मार्शलसारखा. आमच्या ड्रमरने कुठला अॅम्प चालू आहे हे न विचारता तिसऱ्या वेळी मान डोलावली.

ट्यूबच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. आवाज खूप चढवला की ती कडेला जाऊन हळुवार दबते. बोटांखाली एक लवचीकपणा येतो, तो खराखुरा असतो. पण ५० वॉटची ट्यूब तिथवर न्यायची तर मोकळं मैदान हवं. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये किंवा छोट्या हॉलमध्ये ती त्या कडेपर्यंत पोचतच नाही. मग आपण वागवतो ते नुसतं वजन, उष्णता आणि व्हॉल्व्ह बदलण्याचा खर्च. व्हॉल्व्हही आता मोजक्याच ठिकाणी बनतात: रशियात साराटोव्हला, स्लोव्हाकियात, चीनमध्ये. एके काळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही बनत. २०२२ साली रशियाने निर्यात थांबवण्याची घोषणा केली तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांची झोप उडाली होती.

मी सॉलिड-स्टेट घेतला. क्लास डीचा, पुस्तकाएवढा, जेमतेम किलोभर. पहिल्या संध्याकाळी मी एकच गोष्ट निगुतीने केली. मोबाइलमधून एक खालचा सूर हळूहळू वर नेत स्पीकरच्या कागदावर बोट ठेवून बसलो. कागद कुठे सर्वांत जास्त थरथरतो ते शोधलं आणि मॉडेलरमधला फुगवट्याचा सूर त्या आकड्यावर नेऊन ठेवला. त्यानंतर गिटारची जाड तार आणि माझं कॅबिनेट एकमेकांना ओळखू लागले. बाबा असते तर त्यांना ही तपासणी आवडली असती. ऐकीव गोष्टीपेक्षा बोटाला जे कळतं त्यावर त्यांचा भरवसा जास्त होता.

तुमच्याकडे मॉडेलर असेल आणि मागे काय लावावं असा घोर असेल, तर सॉलिड-स्टेट घ्या, आणि वॉटमध्ये काटकसर करू नका. ट्रान्झिस्टर हद्दीबाहेर गेला की कर्कश फाटतो, ट्यूबसारखा हळुवार दबत नाही. पेटीवरचा मोठा आकडा बहुधा ४ ओहमचा असतो. ८ ओहमला तो साधारण निम्मा होतो, १६ला आणखी खाली येतो. बऱ्याच ट्यूब अॅम्पना मात्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर ४, ८, १६चे वेगवेगळे फाटे असतात आणि प्रत्येकावर पूर्ण ताकद मिळते. ट्यूबचे वॉट जास्त मोठे वाटतात त्यामागे हेही एक कारण आहे. मॉडेलरमधली कॅबिनेटची नक्कल बंद करा, पॉवर अॅम्प चालू ठेवा. ट्यूबवर जीव असेल, माझाही आहे, तर तिला मॉडेलरच्या मागे अर्धवट कामाला लावू नका, अख्खा ट्यूब अॅम्प घ्या आणि गिटार सरळ त्यात लावा. स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. दुकानात जाण्याआधी आपल्या कॅबिनेटच्या मागे लिहिलेला ओहमचा आकडा तेवढा कागदावर लिहून न्या.