अकरा नंबरचा सेल

इलेक्ट्रिक गाडी जुनी झाली की आधी तिची रेंज घटते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण सगळी बॅटरी एकसारखी म्हातारी होते हा समज मात्र चुकीचा आहे. जबलपूरच्या पोस्टिंगमध्ये याचा एक नमुना हाताखालून गेला. त्याबद्दल दोन-तीन माजी सैनिकांनी फोनवर विचारलं, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी एका निवृत्त सुभेदार साहेबांची. दहा वर्षं जुनी, छोटी, सेकंडहँड घेतलेली. घर मंडला रस्त्याला, शहराबाहेर. भाभीजींचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि घर ते हॉस्पिटल २२ किलोमीटर. जाऊन-येऊन ४४. नवी असताना शंभर किलोमीटर जाणारी ही गाडी हल्ली चाळिशीतच मान टाकायची. म्हणजे परतीच्या वाटेवर, घर तीन-चार किलोमीटरवर असताना, मागच्या सीटवर डायलिसिस करून थकलेलं माणूस आणि बाहेर मे महिन्याचं ऊन. पडद्यावर मात्र ३८-४० टक्के चार्ज शिल्लक! सर्व्हिस सेंटरने सांगितलं, पूर्ण पॅक बदला. किंमत ऐकून सुभेदार साहेब म्हणाले, "साहब, इतने में तो ऐसी दो गाड़ियाँ आ जाएँ."

मी ईएमईचा माणूस. 'पूर्ण बदला' या उत्तरावर माझा स्वभावतःच विश्वास नाही. युनिटच्या वर्कशॉपचा खासगी गाडीशी संबंध नको, म्हणून काम त्यांच्या अंगणात, दोन रविवारी केलं.

पॅकमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटचे १६ सेल, एकापाठोपाठ एक जोडलेले. प्रत्येक साधारण ३.२ व्होल्टचा. सगळे मिळून पन्नासेक व्होल्ट, म्हणून उघडायची हिंमत केली. आजच्या गाड्यांमध्ये ३००-४०० व्होल्ट असतात. त्यांना घरी हात लावू नका, हे स्पष्ट सांगतो. पन्नास व्होल्टही गंमत नव्हे. दोन टोकांवर पाना आडवा पडला तर तिथेच वितळून चिकटतो. पान्यांना टेप गुंडाळली, घड्याळ काढलं, सुभेदार साहेबांना हातातलं कडं काढायला लावलं. ते चाळीस वर्षांत निघालं नव्हतं. साबण लावून काढलं.

गाडी रात्रभर चार्ज करून, काही तास तशीच ठेवून एकेक सेल मल्टिमीटरने मोजला. सगळे ३.३२ ते ३.३४. सुभेदार साहेबांचा चेहरा उजळला. मी त्यांना म्हटलं, ही पॅरेड स्टेट आहे, सगळे हजर एवढंच कळलं. या जातीच्या सेलचा व्होल्टेज साधारण वीस ते ऐंशी टक्क्यांमध्ये जवळपास हलतच नाही. निवांत बसलेला दुबळा सेल आणि धडधाकट सेल मीटरला सारखेच दिसतात. खडकवासल्यात पाठीवर पिट्ठू घेऊन गटाने पळताना शेवटचा कॅडेट रेषेवर पोचेपर्यंत घड्याळ थांबायचं नाही. सेलांची ओळ तशीच. ज्याचा दम आधी संपतो, तिथे बीएमएस सगळी गाडी बंद करतो. बाकीच्या पंधरांमध्ये किती उरलंय याला अर्थ नाही. पडद्यावरचे टक्के त्या पंधरांचे होते.

म्हणून भार टाकून मोजायचं. प्रत्येक सेलला बारीक तारा लावून त्या आत घेतल्या, सुभेदार साहेबांनी गाडी घराजवळच्या चढावर घातली आणि मी शेजारी वही घेऊन बसलो. १०० अँपिअर वाहत असताना चौदा सेल ३.२० च्या आसपास टिकले. सहा नंबर २.९८ वर आला, अकरा नंबर २.९३ वर. एकूण व्होल्टेज बघत बसलो असतो तर अर्ध्या व्होल्टचा फरक पन्नासमध्ये कुठे दिसणार?

दोन आरोपी. पण सहा नंबरचं माप मी जोडपट्टीवरून घेतलं होतं. तोच भार पुन्हा टाकून थेट सेलच्या खांबावर मोजलं तर ३.२०. म्हणजे सेल ठीक, व्होल्टेज गळत होता तो पट्टी आणि बोल्टमध्ये. पट्टी काढली तर खाली काळा डाग. पॉलिश पेपरने घासली, टॉर्क पान्याने आवळली, सहा नंबर निर्दोष सुटला. कित्येक चांगले सेल केवळ या कारणाने भंगारात जात असतील असा माझा दाट संशय आहे.

अकरा नंबर मात्र खांबावरही २.९३ च. तरी लगेच फाशी नाही. सेल नुसता कमी भरलेला असला तरी आधी संपतो, आणि तेवढ्यासाठी तो बदलायची गरज नसते, वेगळा भरून घेतला की पुरतं. ओळखायचं चार्जिंगच्या वेळी. नुसता मागे राहिलेला सेल भरायलाही शेवटचा असतो. आमचा अकरा नंबर सगळ्यांच्या आधी ३.६५ ला भिडला, बाकीचे तेव्हा ३.४० वर. रिकामा होण्यात पहिला, भरण्यातही पहिला: भांडंच लहान झालेलं. तो पॅकच्या मधोमध बसवलेला, जिथे वारा पोचत नाही, आणि जबलपूरचे दहा उन्हाळे त्याने तिथे काढलेले.

रांझीत एक ई-रिक्षा मेकॅनिक आहे. बारावी नापास, पण बॅटरीची नाडी माझ्यापेक्षा चांगली जाणतो. त्याच्या यंत्रावर अकरा नंबर आणि त्याचा शेजारी २० अँपिअरने रिकामे केले. मूळ क्षमता २०० अँपिअर-तास. शेजाऱ्याने साडेसात तास काढले, म्हणजे १५०. अकरा नंबर साडेचार तासांच्या आत संपला, ८८.

नवा कोरा सेल घालायचा सुभेदार साहेबांचा आग्रह होता. मेकॅनिकच म्हणाला, काय उपयोग, बाकीचे दीडशेच देणार. त्याने त्याच मापाचा आणि त्याच जातीचा, १५५ देणारा वापरलेला सेल शोधून दिला. तो आधी वेगळा पूर्ण भरला, मग ओळीत बसवला. अर्धा भरलेला बसवला असता तर तोच नवा अकरा नंबर ठरला असता. खर्च पॅकच्या किमतीच्या मानाने किरकोळ.

आता गाडी साठच्या वर जाते. चव्वेचाळीस पुरून उरतात. पण मी त्यांना हेही सांगितलं की हा कायमचा इलाज नाही. सगळे सेल दीडशेवर आलेत, त्यातला कोणीतरी पुढचा असणारच. कधी, हे विचारू नका. महिन्यातून एकदा त्याच चढावर मोजा आणि लिहून ठेवा.

भाभीजींनी वहीत सोळा रकाने आखून दिले. माप सुभेदार साहेब घेतात, लिहितात त्या. मी बदलून दुसरीकडे आलो, तरी दर महिन्याला पानाचा फोटो येतो. गेल्या आठवड्यात आलेल्या पानावर सगळे ३.२० च्या आसपास आहेत. चार नंबर ३.१५, आणि त्याभोवती लाल पेनाने गोल.