टाळ्या नक्की कुणासाठी?

नेट्समध्ये आपल्याच बोलरने आपल्याच बॅट्समनचा मधला स्टंप उडवला, तर खूष व्हायचं की टेन्शन घ्यायचं? असला प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नव्हता. पडला तो थेट अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे नावाच्या गावात, ऑगस्टमधल्या एका सकाळी.

माझी कॉलेजमैत्रीण मिलवॉकीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिच्या ऑफिसात कपात होणार होती आणि कोण राहणार, कोण जाणार हे शुक्रवारी कळणार होतं. "घरी बसून मोबाईलकडे बघत राहिले तर वेड लागेल, चल कुठेतरी," म्हणाली. १९० किलोमीटर गाडी हाणत आम्ही ग्रीन बे गाठलं.

गावाची वस्ती जेमतेम १ लाख ७ हजार, आणि स्टेडियममध्ये माणसं मावतात ८१ हजार! इथला फुटबॉल म्हणजे आपल्या कोल्हापूर-गोव्यातला नव्हे. हा लंबगोल चेंडूवाला, हेल्मेटवाला. पॅकर्स ही टीम १९१९ सालची. कर्ली लॅम्बो हा तरुण इंडियन पॅकिंग कंपनीत नोकरीला होता, कंपनीने जर्सींना पैसे दिले, म्हणून नाव पॅकर्स. (त्या 'इंडियन'शी आपला संबंध नाही, उगाच कॉलर ताठ करू नका!) टीमला कुणी एक शेठ नाही, पाच लाखांहून जास्त शेअरहोल्डर आहेत. शेअरवर डिव्हिडंड नाही, तो बाजारात विकताही येत नाही. तरी लोक हौसेने घेतात.

सीझनआधीची प्रॅक्टिस बघायला बहुतेक दिवशी तिकीटही लागत नाही. धमाल तर त्याआधीच सुरू होते. गावातली पोरं आपापल्या सायकली घेऊन लॅम्बो फील्डबाहेर उभी. सव्वाशे-दीडशे किलोचा गडी दहा वर्षांच्या पोरीच्या गुलाबी सायकलवर बसतो, गुडघे हनुवटीला टेकतात, आणि ती पोरगी त्याचं हेल्मेट सांभाळत शेजारून पळते. ही प्रथा प्रशिक्षक विन्स लोम्बार्डींच्या काळापासूनची.

समोरच्या रे निट्श्की फील्डवर प्रॅक्टिस सुरू झाली आणि माझी विकेट पडली. या खेळात ऑफेन्सचे अकरा वेगळे, डिफेन्सचे अकरा वेगळे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. मॅचमध्ये ठीक आहे, पण प्रॅक्टिसमध्ये दोन्हीकडचे आपलेच! एकाने लांबवरचा पास झक्कास झेलला. मी टाळ्या वाजवल्या. मग वाटलं, म्हणजे आपला डिफेन्स भिकार?

शेजारी हिरवी-पिवळी जर्सी घातलेल्या सत्तरीच्या आजी बसल्या होत्या. हसल्या. म्हणाल्या, "तू बॉल बघतेयस. बॉल बघू नकोस."

मग क्लास सुरू. लाल जर्सीतल्या क्वार्टरबॅकला प्रॅक्टिसमध्ये कुणी हात लावायचा नाही, त्यामुळे डिफेन्सने त्याला खरंच पाडलं असतं की नाही, हा अंदाजच. एकास एक पासिंगमध्ये झेलणाऱ्याला मोकळं रान मिळतं, कारण तिथे पास टाकणाऱ्यावर धावून जाणारं कुणी नसतं. लाइनवरच्या एकास एक झुंजीत उलट, डिफेन्सवाल्याला जागा जास्त. शिवाय समोर पहिल्या फळीतला आहे की तिसऱ्या, हेही बघायचं. "म्हणून प्रतिस्पर्ध्यावर अवलंबून नसलेल्या गोष्टी बघ," आजी म्हणाल्या. "बॉल सुटायच्या आधीच कोण हलतो? हातात आलेला बॉल कोण सोडतो? आपटल्यावर कोण लगेच उठून पुढच्या जागेवर जातो? आणि एका दिवसावरून काही ठरवू नकोस."

मैत्रीण एकदम गप्प झाली होती. "इथेही कपात असते का?" तिने विचारलं.

असते. कॅम्पमध्ये ९० जण असतात, ऑगस्ट संपता संपता ५३ उरतात. काहींना नंतर सरावाच्या चमूत जागा मिळते, बाकीचे बॅग भरतात. आणि निवड करणारेही माणसंच! १९९४ साली याच कॅम्पमधून कर्ट वॉर्नर नावाच्या क्वार्टरबॅकला नारळ मिळाला. पठ्ठ्या आयोवातल्या सुपरमार्केटमध्ये रात्रपाळीला फळ्यांवर माल लावत होता. जानेवारी २००० मध्ये त्यानेच रॅम्सला सुपर बोल जिंकून दिला, आणि २०१७ साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

दुपारी आम्ही चीज कर्ड्स खाल्ले, दातांखाली कुर्रकुर्र वाजणारे. मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडेही बॉसला बॉल कुणाच्या हातात आहे तेवढंच दिसतं. लाइनवर कोण ढकलतंय, कोण बघतो?"

येताना आणखी एक गोष्ट दिसली. आजींनी दिवसभर टाळ्या वाजवल्या होत्या. पास झेलला तेव्हा, आणि अडवला तेव्हाही. प्रॅक्टिस संपल्यावर नाव कुणालाच माहीत नसलेला एक गडी सायकलवरून गेला, त्यालाही.

शुक्रवारी संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. तिची नोकरी राहिली. शेजारच्या डेस्कवरच्या मुलाची गेली. अभिनंदन करावं की नाही, मला कळेना.

"मी त्याच्यासाठी एक शिफारसपत्र लिहितेय," ती म्हणाली. "तो काय काय करायचा, ते मी रोज शेजारून बघत होते ना."