वाणात दिलेलं तेल

चार वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी निर्गुडीच्या तेलाच्या बाटल्या वाण म्हणून लुटल्या. तेल घरी केलेलं, बाटल्या एकवीस. त्यातल्या एका काकूंच्या हातात बाटलीबरोबर एक पुडीही ठेवली. ती का दिली, हे सांगायचं तर मला आधी बार्शीला जावं लागेल.

माझं माहेर बार्शीचं. 1973 साली तिथे चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. मी तेव्हा फार लहान होते, पण आईकडून ती हकीकत इतक्यांदा ऐकली आहे की ती मला पाहिल्यासारखी वाटते. आईचा ताप उतरला, पण सांधे धरले ते धरलेच. न्हाणीपर्यंत जायचं तरी भिंतीचा आधार लागायचा. आजीनं निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून गुडघ्यांना बांधला, तेलानं चोळलं, आणि काही महिन्यांनी आई चालायला लागली. निर्गुडीनं बरी झाले, असं ती शेवटपर्यंत म्हणायची.

लग्न होऊन मी कोलकात्याला आले. आपल्या देशात चिकुनगुनियाची पहिली साथ नोंदली गेली ती याच शहरात, 1963 साली. पावसाळ्यात इथे डेंग्यू, चिकुनगुनियाची भीती घरोघर असते. त्यामुळे एका वर्षी ऐन श्रावणात मला ताप आला आणि पाठोपाठ हाताची बोटं, मनगटं दुखायला लागली, तेव्हा मी रक्त तपासलंच नाही. आईला झालं तेच मला झालं, आईनं केलं तेच मी करायचं, असं ठरवून मोकळी झाले.

भाजीवालीला निर्गुडी म्हटलं तर कळेना. शेजारच्या बंगाली वहिनींनी सांगितलं, ‘निशिंदा’ म्हणा. धान्यात कीड लागू नये म्हणून त्यांच्याकडे हाच पाला वाळवून ठेवतात. मग मी पाला वाटून रस काढायची, तिळाच्या तेलात घालून मंद आचेवर आटवायची. रसाचं पाणी उडालं की नाही ते पाहायला तळाचा चोथा वातीसारखा वळून विस्तवावर धरायची. तडतडला नाही तर तेल झालं. घरभर तो उग्र वास पसरला की मला बार्शीच्या माजघरात बसल्यासारखं वाटायचं. रात्री चोळून, वर कापड गुंडाळून निजायचं. ऊब मिळायची, झोप लागायची. सकाळी मात्र मूठ वळायची नाही. तास दीड तास बोटं लाकडासारखी राहायची. चिकुनगुनियाचं दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं हे मला माहीत होतं, आणि तेवढ्या माहितीनंच माझा घात केला.

पुढच्या वर्षीचा गणपती आला. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासातला गणपती म्हणजे आम्हा इथल्या मराठी माणसांचं माहेर. आम्ही काही जणी घरी जमून उकडीचे मोदक करतो आणि घेऊन जातो. त्या दिवशी मी पारी हातावर घेतली आणि मला कळ्या पाडता येईनात. अंगठा आणि बोट एकमेकांना चिमटीत धरेनात. तिसऱ्या मोदकाची पारी फाटली, सारण ताटात सांडलं. मी म्हटलं, आज उकड नीट जमली नाही. उकड उत्तम होती. त्याच वेळी एकीलाही खरं सांगितलं असतं तर कुणीतरी मला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं असतं.

त्याऐवजी दिवाळीत कुणीतरी पुडी सुचवली. साधी कागदाची पुडी, आत मातकट भुकटी. वर नाव नाही, घटक नाहीत. शुद्ध जडीबुटी, एवढंच तोंडी सांगितलेलं. तिसऱ्या दिवशी माझी मूठ वळली. सव्वा वर्षात पहिल्यांदा मी पोळ्या लाटल्या. इतक्या झपाट्यानं गुण कसा आला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी मात्र दिसेल त्याला पुडीचं कौतुक सांगत सुटले.

आणि संक्रांतीला ती काकूंना दिली. त्यांचे गुडघे झिजलेले, जिना चढताना कण्हायच्या. मधुमेहही होता. पुढे दर पंधरा दिवसांनी मीच पुड्या आणून देत होते.

होळीच्या सुमारास त्यांचा चेहरा गोल, फुगल्यासारखा दिसू लागला. तब्येत सुधारली, असं मी म्हटलं! दंडावर निळे डाग पडू लागले, साखर तीनशेच्या वर गेली. पुड्या आणणारा माणूस येईनासा झाला, पुडी एकदम बंद पडली, आणि चार दिवसांत काकू उलट्या करून, रक्तदाब उतरून दवाखान्यात दाखल झाल्या. डॉक्टरांनी चेहरा आणि रक्ताचा अहवाल पाहून सांगितलं की पुडीत स्टेरॉइड असणार. ते दिवसचे दिवस बाहेरून मिळत गेलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. मग ते अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी त्यांच्या मुलाला सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही. बऱ्या झाल्यावर काकू मला म्हणाल्या, “अगं, तू चांगल्यासाठीच दिलंस.” चांगल्यासाठी दिलं हे खरं आहे. पण त्यांना मधुमेह आहे हे मला माहीत होतं, आणि पुडीत काय आहे हे माहीत नव्हतं. तिथेच माझा हात आखडायला हवा होता.

त्याच डॉक्टरांनी माझी बोटं पाहिली. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या आणि एक्स-रे झाले. चिकुनगुनिया नव्हे, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपण आमवात म्हणतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे बऱ्याच अंशी वाचतात. माझे ते महिने तव्यावर पाला गरम करण्यात गेले होते. माझी पुडी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू सोडवावी लागली. आता आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट, सोबत फॉलिक अॅसिड, आणि ठरावीक दिवसांनी यकृताची तपासणी. दुखणं आवाक्यात आहे, पण उजव्या हाताची दोन बोटं करंगळीकडे कलली ती कललीच.

निर्गुडीवर माझा राग नाही. गुडघ्याला चोळायला मी आजही तेल करते, डॉक्टरांना विचारून. आईच्या बाबतीत मात्र आता मला वेगळं दिसतं. चिकुनगुनियाचे सांधे बहुतेकांचे काही महिन्यांत आपोआप सुटतात. तिचे काळानं बरे केले आणि श्रेय निर्गुडीला मिळालं. ते श्रेय मी वारशासारखं जपलं, आणि बाटल्यांत भरून एकवीस घरांत पोचवलं.

दुसऱ्या वर्षीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून कापडी पिशव्या दिल्या आणि ही सगळी हकीकत बायकांसमोर उभी राहून सांगितली. त्या दिवशी दोघी जणींनी आपल्याकडच्या पुड्या आणून दाखवल्या.

तुमच्या घरातही कुणाची बोटं सकाळी तासभर आखडत असतील, सांधे सुजत असतील आणि दीड महिना उलटूनही हे थांबत नसेल, तर आधी रक्त तपासून घ्या. ज्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत ती घेऊ नका, आणि कुणाला देऊ तर मुळीच नका. कुणी आधीपासून घेत असेल तर एकदम बंद करू नका. त्यांना पुडीसकट डॉक्टरांकडे घेऊन जा.